सरजाबाई, वय एकशेबारा

शेंगदाण्याच्या चटणीचा वास. खिडकीची न लागणारी काच. जपानात जन्मलेली रुबी नावाची संगणकाची भाषा. लातूरहून निघालेली नांदेडची एसटी. रेणापूरच्या उमाबाईंनी डोळे मिटले होते, पण कान पुढच्या बाकावरच्या मायलेकींकडे होते.

"धम्मे, आलं का गं त्या जपानच्या मानसाचं उत्तर?"

"आलंय माय. पन उघडायला भ्याव वाटून राहिलं. दोनदा परत पाठवलंय त्यांनी माझं काम."

"केलंस तरी काय तू?"

"रुबीतलं एक फुकटचं अवजार हाय, त्यांनीच बनवलेलं, जगभर वापरतात. शंभराच्या वरचं वय टाकलं की ते बंद पडायचं. मी नीट केलं."

"मंग उघड की!"

"माय! घेतलं! पुढच्या व्हर्जनमधी माझी दुरुस्ती जानार!"

"आगं माझी बाय ती! अजून काय लिहिलंय?"

"लिहिलंय, सरजाबाईंना आमचा नमस्कार सांगा."

"मला? मला कुठून वळखतेत ते?"

"अवजार तपासायला एक नाव लागतं. मी तुझं टाकलं."

"आन् वय?"

"एकशेबारा."

"काय गं सटवे! पार जपानात म्हातारी केलीस व्हय मला?"

"शंभराच्या वरच पाहिजे होतं ना!"

"मंग बापाचं नाव टाकायचं की!"

उमाबाईंना हसू आवरेना. "बाई, दात तर सगळे शाबूत दिसतेत तुमचे!"

"तेच कळीव त्यांला, धम्मे. आन् लिही, सरजाबाईनं बी नमस्कार सांगितलाय."

सरजाबाईंची खरी जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नाही.