साडेतीन शब्द

नाही, पण मी म्हणतो, मिठी कशाला पाहिजे? दोन धडधाकट पुरुष, एक वेल्डर, एक पेंटर, दोघांच्या वयाची बेरीज शंभरी कधीच ओलांडून गेलेली, ते स्टेजवर समोरासमोर येणार आणि लोकांदेखत एकमेकांच्या गळ्यात पडणार? का? कुणी मेलंय का? बरं, मिठी एक वेळ मारली असती, डोळे मिटून, श्वास रोखून, इंजेक्शन घेतो तशी. पण मिठीच्या आधी एक वाक्य होतं. आणि ते मला होतं. "तुझ्याशिवाय करमत नाही रे." मोजा तुम्हीच. तुझ्याशिवाय, करमत, नाही, हे झाले तीन, आणि शेवटचा तो 'रे' धरला तर अर्धा. साडेतीन शब्द! तुम्हाला सांगतो, बारा फुटी गेट एकट्यानं खांद्यावर घेतलंय मी, पण हे साडेतीन शब्द काही उचलेनात.

आणि नाटक कुणाचं? बायकोचं. म्हणजे माझ्याच. ती शाळेत शिकवते, त्यामुळे कॉलनीच्या संमेलनात नाटक म्हटलं की सगळे हिच्याकडे बघतात आणि ही माझ्याकडे बघते. या वेळी म्हणाली, "विनोदी लिहिलंय. दोन मित्र आहेत. एकमेकांवर जीव आहे, पण बोलत नाहीत."

मी म्हटलं, "यात विनोद कुठाय?"

म्हणाली, "तोच तर विनोद आहे."

आता यात दुसरा मित्र कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. पेंटर. बावीस वर्षं आम्ही एका शेडमध्ये आहोत. मी गेट जोडतो, तो रंगवतो. आता तुम्ही विचाराल, मित्र आहे का तुमचा? तर असं काही आम्ही कधी म्हटलेलं नाही. शेड एक आहे, एवढंच. सकाळी आला की तो माझ्या जॉइंटवरून बोट फिरवतो आणि त्याच्या त्या रडक्या, ओढलेल्या आवाजात म्हणतो, "हे काऽऽय केलंय? वेल्डिंग केलंय का उलटी?" मग मी त्याचा रंग बघतो आणि म्हणतो, "आणि हे? ब्रशनं दिलास का पायानं?" झालं. दिवस सुरू. बावीस वर्षांत याहून जास्त बोलायची गरज पडली नाही हो आम्हाला!

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा हा हॉस्पिटलात यायचा. रोज. दोन-दोन तास बसायचा. बोलायचा काही? छे! वर पंख्याकडे बघत बसायचा. पंखा करकरायचा आणि हा बघायचा. चौथ्या दिवशी ऑइलची बाटली घेऊन आला, स्टुलावर चढला, पंख्याला ऑइल घातलं आणि गेला. नर्स म्हणाली, हे कोण? मी म्हटलं, पेंटर. तिला वाटलं हॉस्पिटलचाच. आणि त्याचे वडील गेले तेव्हा मी गेलो त्याच्याकडे, तर काय बोलायचं ते सुचेना. दाराची कडी ढिली झालेली दिसली. ती घट्ट केली, चार-पाच वेळा लावून बघितली, आणि परत आलो. अजून घट्ट आहे. तर असं आमचं सगळं व्यवस्थित चाललेलं असताना, हे साडेतीन शब्द हवेत कुणाला?

पण नाही! बायको म्हणते, नाटकाला रचना असते. रविवारी शेडमध्ये आली, खडू घेतला आणि माझ्या नव्याकोऱ्या पत्र्यावर रेघ काढली. वर गेली, दाणकन खाली आली, परत वर गेली.

"पहिल्या अंकात मैत्री दाखवायची. दुसऱ्याच्या शेवटी तोडायची. तिसऱ्यात जोडायची."

मी म्हटलं, "अगं, पण जोडलेलीच आहे तर तोडायची कशाला?"

"न तोडता जोडलं, तर लोक बघायला कशाला येतील?"

धड असलेलं गेट जोडून द्या म्हणत अजून तरी कुणी माझ्याकडे आलेलं नाही.

मग वाचन सुरू झालं. मी लोखंडाच्या ढिगावर, पेंटर त्याच्या डब्यांमध्ये. पहिला अंक छान गेला, त्यात आम्ही एकमेकांना शिव्याच देत होतो, पाठांतराची गरजच नव्हती. मग दुसरा अंक. त्याच्या शेवटी कळतं, की दुसऱ्या मित्राला परगावी नोकरी लागलीय, मेहुण्याच्या कारखान्यात, आणि तो पुढच्या महिन्यात चाललाय, आणि पहिल्याला त्यानं काही सांगितलेलंच नाही.

मी म्हटलं, "थांब. हे पटत नाही."

बायको म्हणाली, "काय पटत नाही?"

"अगं, एवढी वर्षं बरोबर काम केलेला माणूस न सांगता जाईल? लोक हसतील आपल्याला. प्लॉटमध्ये हे एवढं भोक आहे! आणि असा न सांगता जाईल, तो मित्र कसला?" चांगलंच ताणलं मी. एकदा दुसऱ्याची चूक सापडली की माणसाला चेव येतो, तुम्हाला माहितीय.

तर पेंटर हळूच म्हणाला, "जाईल."

"का जाईल?"

"कसं सांगायचं, ते त्याला कळत नसेल."

"तुला रे काय माहीत?"

यावर हा ब्रश पुसायला लागला. कोरडा ब्रश! सकाळपासून रंगात बुडवलेलाच नव्हता तो. मी बायकोकडे बघितलं, तर ती वहीत बघायला लागली. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की या गृहस्थाला मेहुणा आहे, मेहुण्याचा कारखाना आहे, आणि तो कारखाना परगावी आहे. म्हणजे वहिनींनी, पेंटरच्या बायकोनं हो, माझ्या बायकोला सांगितलं, हिनं ते नाटकात घातलं, आणि जगात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मला दुसऱ्या अंकात कळली!

मग मी काय केलं? तुम्हाला वाटेल, खांद्यावर हात ठेवला, विचारलं, का रे बाबा, काय झालं? पुरुष आहे हो मी. ग्राइंडर सुरू केला. अर्धा तास एक गुळगुळीत पाइप घासत बसलो.

घरी बायको म्हणाली, "तुम्ही ते वाक्य नीट म्हणा. मनापासून म्हटलंत तर भावजी थांबतील."

"नाटकात?"

"हो, नाटकात." आणि चष्म्यावरून असं बघितलं, की मी चपला घालून बाहेरच निघून गेलो.

त्यानंतर तीन आठवडे तालीम. रोज. मी म्हणायचो, "तुझ्याशिवाय..." आणि मला खोकला यायचा. "तुझ्याशिवाय..." आणि चपलेचा अंगठा तुटायचा. एकदा तर "तुझ्याशिवाय... लाइट गेली वाटतं," असं भर दुपारी अंगणात म्हणालो. बायको कपाळाला हात लावायची. पेंटर आपला शांत उभा. त्याचं पुढचं वाक्य होतं, "मग नाही जात." किती सोपं! तोंड वाकडं करून कुणीही म्हणेल. अवघड सगळं माझ्या वाट्याला.

आणि खरं सांगू का? भीती वाटत होती. पत्र्यावरची ती रेघ मी पुसली नव्हती. ती खाली येते ना, दाणकन, तिथंच रोज नजर जायची. शेडचा तो अर्धा भाग रिकामा झालेला डोळ्यांसमोर यायचा. सकाळी आपण जॉइंट करायचा आणि त्यावर कुणी बोटच फिरवायचं नाही? मग तो चांगला झालाय का वाईट, कळणार कसं?

झालं, प्रयोगाचा दिवस आला. हॉल भरलेला. तिसरा अंक. पेंटर बॅग घेऊन उभा. मी पुढे आलो. पहिल्या रांगेत बायको, ओठ हलवतेय, साडेतीनच्या साडेतीन शब्द मला दिसतायत तिच्या ओठांवर. मी म्हटलं, "तुझ्याशिवाय..." आणि नजर त्याच्या बॅगेवर गेली. "तुझ्याशिवाय... गेटांना रंग कोण देणार?"

हॉल कोसळला! लोक खुर्च्यांवर हात आपटतायत. पेंटर माझ्याकडे बघतच राहिला, आणि म्हणाला, "बघ कुणीतरी." मग मिठीच्या जागी आम्ही एकमेकांच्या पाठीवर दणके घातले, सतरंजी झटकतात तसे, आणि पडदा पडला. बाहेर आल्यावर लोक म्हणतात, काय टायमिंग आहे हो तुमचं! कसलं डोंबलाचं टायमिंग? वाक्य अडकलं होतं माझं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हा प्रायमर ढवळतोय, मी गेट घासतोय. बारा वाजले असतील. आणि मला वाटलं, म्हणून तर बघू. इथं कुणाला ऐकू येणार? वेल्डिंगचा मास्क चढवला, ती काळी काच खाली ओढली, ग्राइंडर पुरा सोडला. आता काळ्या काचेतून घासताना डोंबल दिसत नाही, पण मला कुठं काही बघायचं होतं? ग्राइंडर असा किंचाळतोय, आणि त्याच्या आडून मी, पोटातून, सगळा जीव एकवटून ओरडलो, "तुझ्याशिवाय..."

आणि लाइट गेली हो! या वेळी खरंच गेली! ग्राइंडर जागच्या जागी बंद, आणि भर दुपारी, सुन्न शांततेत, अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं, "...करमत नाही रे!"

समोरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. दोन बायका पिशव्या घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. त्याच वेळी वहिनी पेंटरचा डबा घेऊन दारात आलेल्या. मी मास्क काढीना. म्हटलं, आता जन्मभर मास्कमध्येच राहू.

पेंटर शांतपणे प्रायमर ढवळत होता. म्हणाला, "कुठं जायचंय मला? ते तर मी केव्हाच नाही म्हणून कळवलं."

मी काच वर केली. "केव्हाऽऽ?"

"पहिलं वाचन झालं ना, त्याच संध्याकाळी. तू म्हणालास ना, न सांगता जाईल तो मित्र कसला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस?"

"काल स्टेजवर तरी म्हणायचंस, मग नाही जात!"

"तू तुझं वाक्य घेतलंस का? आधीचं वाक्य आल्याशिवाय मी माझं कसं घेणार?"

वहिनींना माहीत होतं. माझ्या बायकोला तर दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणते कशी, "सांगितलं असतं तर तुमच्या तिसऱ्या अंकात काय राहिलं असतं?" म्हणजे तीन आठवडे माझं जेवण गोड लागत नव्हतं, ते हिच्या रचनेपायी!

ते जाऊ दे. पण त्या दुपारी मी वहिनींना विचारलं, "मेहुण्याला यानं कारण काय दिलं?" आणि तुम्हाला सांगतो, पेंटरचा हात थांबला प्रायमरमध्ये. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी तिथंच होते. फोनवर एवढंच म्हणाले, 'तिथं करमायचं नाही.' आणि ठेवला."

मी बोटांवर मोजलं. तिथं, करमायचं, नाही. तीन! नुसते तीन, तेही घरात, फोनवर, मेहुण्याला. आणि मी? भर रस्त्यावर, ओरडून, पंक्चरवाल्याच्या साक्षीनं, साडेतीन! बावीस वर्षं दोघांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि शेवटी हरलं कोण? मी. तेही अर्ध्या शब्दानं.