मोबाइलातला पाटील

(सिहोरा. गुलाबरावांच्या घरी दुपारची जेवणं आटोपली आहेत. सून हर्षा मोबाइल घेऊन टीव्हीपुढे उभी. बायको तुळसा तांदूळ निवडते आहे.)

गुलाब : वायर कोठी आहे मंग? बिना वायरचं कसं जाईन टीव्हीत?

हर्षा : वायर नाही लागत मामाजी. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असले, का फोनात दिसते तेच तिकडं दिसते.

तुळसा : राहू दे हर्षा. ह्यायले नाही आवडत ते.

हर्षा : मंडईच्या जत्रेत ह्या आईनं नाटकात काम केलं. सारं गाव पाह्याले आलं, आणि तुम्ही करडी गावाले आत्याकडं निघून गेले.

गुलाब : मंग का करू? साठीची बाई मिशी लावून स्टेजवर चढते. लोक का म्हणतीन मले?

तुळसा : तवापासून मी नाव तरी काहाडलं का नाटकाचं?

गुलाब : नाही काहाडलं. तेच त मनाले लागते माह्या.

हर्षा : आलं, पाहा. माझ्या मैत्रिणीनं, साधनानं काढला व्हिडिओ.

गुलाब : अडकलं का?

हर्षा : वायफाय दूर पडते. फोन जवळ घेते. हं, आता चाललं.

गुलाब : हा पागोटंवाला कोण? चपला घासत येऊन राहिला.

हर्षा : गावचा पाटील. आईच आहे ती.

गुलाब : ही? खोकलूनच घरात पाय टाकते. असं त मी करतो. तू माही नकल केली वो?

तुळसा : नकल कायची? घरातला मोठा माणूस कर म्हणे. मी जलमभर एकच पाह्यला जवळून.

गुलाब : लोक हासून राहिले.

तुळसा : पुढं पाहा.

गुलाब : आता का चालू आहे?

हर्षा : पाटलाची पोरगी सासरी चालली. तो बोलत नाही तिच्याशी. नुसती तिची पेटी गाडीत ठेवते, उतरवते, पुन्हा ठेवते.

गुलाब : आपल्या पोरीच्या, चंद्रकांताच्या लग्नात मी असंच केलं होतं.

तुळसा : हो.

गुलाब : तू कोठी होती तवा?

तुळसा : दाराआड. सारे म्हणे, बाप आहे का गोटा, डोळ्यात पाणी नाही. मले मालूम होतं.

गुलाब : कधी बोलली नाही.

तुळसा : तुम्हीच नाही बोलले, मी काहून बोलू?

गुलाब : लोक गप झाले आता.

हर्षा : बाया रडत होत्या मामाजी. मीही.

तुळसा : बंद कर हर्षा. त्यायले पाणी दे.

गुलाब : बंद नको करू. आवाज वाढव बेटा. आन खिडकीतून शेजारच्या गोमाजीले हाक मार. म्हण, टीव्हीवर माह्या बायकोचं नाटक लागलं आहे.