सोलरच्या गाडीतला पंखा

तुम्ही विचारून राहिले न, सोलरवाली गाडी आम्ही आता काहून काढत नाही? ऐका मग.

मी फॅक्टरीतून रिटायर झालेला इलेक्ट्रिशियन. जुन्या व्हॅनमध्ये पलंग टाकला, दोन बॅटऱ्या बसवल्या, टपावर सोलरचे पॅनल लावले. म्हटलं, आता कुठंही राहू, कोणाची लाइट नको.

पहिल्यांदा बायकोला घेऊन जबलपूरजवळ भेडाघाटला गेलो. मे महिना, म्हणून सवयीनं गाडी आंब्याखाली लावली. रात्रभर पंखा मस्त चालला, सकाळी बंद. मी वायरी तपासल्या, फ्यूज बदलला, मीटर लावून पाह्यलं. सगळं बरोबर, पण दुपार झाली तरी बॅटरी काही भरून नाही राहिली.

बायको म्हणाली, "इतकी वर्षं फॅक्टरीत काय करत होते तुम्ही?"

बाजूला संगमरवराच्या मूर्ती घडवणारा एक म्हातारा सकाळपासून पाहून राहिला होता. शेवटी उठून आलाच. "भैया, ये ऊपर क्या लगाए हो?"

"इससे धूप की बिजली बनती है, दादा."

त्यानं वर आंब्याकडे पाह्यलं. "अच्छा. तो धूप कहाँ है?"

बायको पदर तोंडाला लावून हसली. मी गुपचूप गाडी उन्हात नेली. घंटाभरात पंखा गरगर फिरायला लागला, पण आत नुसती भट्टी! आम्ही दोघं परत आंब्याखाली येऊन बसलो, पुठ्ठ्यानं वारा घेत.

म्हातारा छिन्नी ठेवून पुन्हा आला.

"भैया, एक बात और. अंदर वो पंखा किसके लिए चल रहा है?"