तापमानावरून काढलेला वेग

— नाही काका, ‘वायू बाहेर पडतो’ असं मी म्हणालो नाही. ‘बाहेर पडत असावा’ असं म्हणालो — या दोन वाक्यांमधल्या फटीतच माझं सगळं संशोधन बसलेलं आहे. त्या खुर्चीची पाठ निखळली आहे, ही घ्या. आता हे चित्र पाहा. ही दीर्घिका — ताऱ्यांचं एक अवाढव्य गाव म्हणा — इथे तारे झुंडीने जन्मतात, त्यातले थोराड लवकर फुटतात, आणि तापलेला वायू असा वर उसळतो. हा तांबडा झोत, क्ष-किरणांत टिपलेला. तो हे गाव कायमचं सोडणार की माघारी पडणार? ते वेगावर ठरेल. वेग मोजला का? — इथेच तर मेख आहे, आमची दुर्बीण या झोताचा वेग मोजू शकत नाही. ती तापमान सांगते. इतका तापलाय म्हणजे अमुक वेगाने निघाला असणार, असं आम्ही धरून चालतो. आमचे सर तर धरलेलं इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला मोजल्यासारखं वाटतं — यालाच आमच्याकडे ज्येष्ठता म्हणतात.

हो, मुद्द्यावर येतो. तुमच्या मुलीला रीतसर मागणी घालावी म्हणूनच तुम्हाला फोन करून बोलावलं. ती त्या पलीकडच्या टेबलाशी बसते. आधार? आहे ना. मागच्या उन्हाळ्यात तिने हा पंखा आपणहून माझ्याकडे वळवला — तिला थंडी वाजत असेल, ही शक्यता मी नाकारत नाही — शिवाय माझा प्रबंध तिने अथपासून इतिपर्यंत वाचला, जे सरांनीही केलेलं नाही, आणि समासात एके ठिकाणी ‘बरं आहे’ असं लिहिलं. तिच्या मानाने हे फारच झालं. तुम्ही वडील, तुम्हाला ठाऊकच. एवढी आपुलकी आहे म्हणजे मनही याच दिशेने निघालं असणार, असं मी —

काय म्हणालात? तिला विचारलं का?

नाही. म्हणजे — थेट निरीक्षण झालेलं नाही. धरून चाललो. तुम्ही येणार हेही तिला ठाऊक नाही, मी मुद्दामच — तुम्ही सांगितलंत? आत्ता, फाटकापाशी? मग? नुसती हसली? कशी हसली, काका? नाही, राहू द्या, सांगू नका.

पावलं वाजताहेत, तिचीच आहेत. माफ करा, तुम्हाला आग्रहाने बोलावलं मीच, पण आता जरा बाहेर थांबाल का? दार लोटून घ्या. आणि जाताना तेवढा पंखा बंद करा — या वेळी मला दुसरी कुठलीही शक्यता नको आहे.