एक कॉम्प्युटर, दोन मॉनिटर

...आणि वर तोच मला विचारतो, "काका, कॉम्प्युटरच्या मागे जागा कुठली आहे?" अहो, मागे कोण बघतं? मी सात वर्षं त्याच्या पुढे बसतोय! मागचं त्याचं त्याला ठाऊक! तर हा दुकानदार भिंतीकडे हात करतो... भिंतभर नुसत्या वायरी टांगलेल्या, आणि घडाघडा म्हणायला लागतो, "एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट, व्हीजीए, टाइप-सी, यातलं काय?" मी म्हटलं, "यातलं जे चांगलं असेल ते." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी औषधाच्या दुकानात जाऊन "एक छानसं औषध द्या" म्हणालोय!

मागणं काय होतं हो माझं? एक कॉम्प्युटर, दोन मॉनिटर. बस्स!

आता तुम्ही म्हणाल, एकट्या माणसाला दोन कशाला? बरोबर आहे. घरात खुर्ची एक, ताट एक, कप दोन आहेत पण दुसऱ्यात मी पेनं ठेवतो. दुकानदारानेही तेच विचारलं. "शेअर बाजार का, काका?" खरं सांगायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "हो तर! शेअर बाजार!" झालं! लगेच काउंटरवरून पुढे वाकून हळूच म्हणतो, "मग सध्या काय घेऊ?" मी म्हटलं, "थांब." नुसतं थांब! पण त्याला काय वाटलं कोण जाणे, स्टूल पुसून दिलं मला बसायला!

खरं कारण तुम्हाला सांगतो, त्याला कळू देऊ नका. मी माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन... खोक्याच्या तळाशी असते ना, जी कुणी वाचत नाही, ती. 'ओल्या हाताने बटण दाबू नये' हे वाक्य माझं आहे! त्या एका वाक्याने किती जीव वाचले असतील, एकाने तरी फोन करून सांगितलं? नाव नको! तर मी घरी बसून लिहितो, आणि मुलगी लांब तिकडे तिच्या घरी बसून तिच्या ऑफिसचं काम करते. तिची आई होती तोवर आमचे फोन तासतास चालायचे. आता "जेवलास का?" "जेवलो. तू?" "जेवले." की संपलं! पुढचे सगळे प्रश्न तिची आई विचारायची हो... आम्ही दोघं आपले उत्तरं देणारे.

तर मुलीनेच तोडगा काढला. म्हणाली, "बाबा, आपण बोलायचंच नाही. सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा आणि दिवसभर चालू ठेवायचा. तू तुझं काम कर, मी माझं. एका घरात असल्यासारखं." तुम्हाला सांगतो, काय सुख होतं! तिकडे तिने भांडं पाडलं की इकडे मी दचकायचो!

पण पडदा एक! मुलगी उघडली की इस्त्री झाकली जाते, इस्त्री उघडली की मुलगी गडप. आणि त्या दिवशी मी वाफेच्या इस्त्रीत इतका अडकलेला... मुलीने केस कापले होते. चांगले कमरेपर्यंतचे केस, पार मानेवर आणलेले! मुद्दाम काही बोलली नाही, म्हटलं बघू बाबाला कधी दिसतंय. सकाळभर बिचारी मान हलवतेय, डावीकडे, उजवीकडे, आणि मी इकडे लिहितोय, 'पाणी रेषेच्या वर भरू नये'! शेवटी आवाज आला, "बाबा, तुला मी दिसतच नाहीये ना? जाऊ दे. काही अर्थ नाही असं नुसतं चालू ठेवण्यात." मी घाईघाईने इस्त्री बाजूला केली. केस बघितले. म्हटलं, "अगं, सोमवारी परत लाव! तोवर मी बंदोबस्त करतो!" ती म्हणाली, "बरं." हा 'बरं' मी ओळखतो, आईकडून घेतलाय. त्याचा अर्थ, ही शेवटची संधी.

मॉनिटर मिळाला लगेच. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांचा जुना दिला. आयुष्यभर त्याने नुसत्या लोकांच्या दाढा बघितल्या, म्हटलं बरं झालं, याला जरा माणसाचा आख्खा चेहरा बघायला मिळेल. राहिलं काय, तर जोडणं! दुकानदाराने एक चपटी डबी दिली. "ही लावा, दोन मॉनिटर चालतील." लावली. चालले! दोन्हीवर इस्त्री! म्हटलं, मुलीचा फोटो उघडून बघू, तर दोन मुली! इस्त्री पुढे आणली, दोघीही गायब!

तसाच गेलो. तर मलाच म्हणतो, "काका, हा स्प्लिटर. एकच चित्र दोघांना वाटतो. तुम्ही दोन मॉनिटर म्हणालात, वेगवेगळं दिसायला पाहिजे असं कुठे म्हणालात?" अहो, एकच गोष्ट दोनदा कुणाला बघायची असते? यावर शांतपणे म्हणतो, "ते जाऊ द्या, बाजार काय म्हणतोय?" "थांब!"

मग दुसरी डबी दिली. ती लावली तर पडदा काळाठिक्कर. आत पुस्तिका होती. आता पुस्तिका म्हणजे आपला प्रांत! चष्मा लावून सगळी वाचली, आणि शेवटचं वाक्य काय? 'अधिक माहितीसाठी विक्रेत्याशी संपर्क साधावा.' मी कपाळाला हात लावला! धंद्यातलं गुपित सांगतो, जिथे आम्हा लिहिणाऱ्यांनाच काही कळत नाही ना, तिथे आम्ही हे वाक्य टाकतो!

मागणं काय होतं हो माझं? एक कॉम्प्युटर, दोन मॉनिटर!

रविवार उजाडला. शेवटी कॉम्प्युटरच चादरीत गुंडाळला, छातीशी धरला आणि बसमध्ये चढलो. आख्खी बस उठून उभी राहिली जागा द्यायला! एक बाई चादरीवर हात ठेवून विचारतात, "किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "सात वर्षांचं. अजून बोलत नाही." डोळ्याला पदर लावला हो त्यांनी!

दुकानदाराने तो पाठमोरा केला, जोरात फुंकर मारली, माझी सात वर्षांची धूळ त्याच्या नाकात! शिंकत शिंकत एक काळं टोपण उपसून म्हणतो, "ही काय दुसरी जागा! पहिल्या दिवसापासून आहे. इथे हा छोटा कन्व्हर्टर बसवायचा, दुसरी वायर याच्यात. झालं." बोटाएवढा तुकडा! घरात एक जागा रिकामी आहे, ती मला रोज दिसते. पण अशीच एक कॉम्प्युटरच्याही मागे असेल, हे कसं सुचणार? निघताना खुशीत म्हणतो, "काका, तुमच्यामुळे थांबलो, वाचलो!" म्हणजे आणखी एक जीव वाचवला मी.

सोमवार! डावीकडे इस्त्री, उजवीकडे मुलगी! कॉल लागला, आणि बघतो तर... कान. पडदाभर मुलीचा डावा कान!

"अगं, इकडे बघ की!"

"बाबा, तुझ्याकडेच बघतेय! तूच तिकडे बघतोयस. मला नुसता तुझा कान दिसतोय!"

"मी तुझ्याकडेच बघतोय!"

तर प्रकार असा, की पोरीनेही माझ्यासाठी दुसरा मॉनिटर घेतला होता! मी बाजूच्या पडद्यावर, कॅमेरा कामाच्या पडद्यावर. दोन्ही घरी तेच. म्हटलं, "कॅमेरा इकडे घे ना." म्हणाली, "बाबा, दिवसभर मीटिंगा असतात, तिथे तोंड दाखवावं लागतं. तू हलव ना तुझा." हलवला. माझ्या कुठल्या मीटिंगा? तिला माझं तोंड दिसायला लागलं. खूश झाली.

आणि मला? ती काम करत असली की आख्खा चेहरा दिसतो, पण तो माझ्यासाठी नसतो. बापाकडे वळली, की कान! म्हणून आताशा मी कानाचीच वाट बघतो. कान दिसला, की इस्त्री थांबवून हात हलवतो. बरं, केस कापलेत म्हणून कान तरी दिसतो! मिळाले की नाही दोन मॉनिटर? ऑफिसला तोंड, बापाला कान... असू दे. कान आईवर गेलाय तिचा.