साडूचं तळघर आणि एकच सिनेमा

…आणि तो वायरमन वर तोंड करून साडूला विचारतो काय, तर "काका, भिंत फोडू का?" अरे, फोडू का म्हणजे? तळघराचा रंग वाळून चार दिवस नाही झाले! प्लास्टर झालं, छत झालं, खाली मऊ मऊ गालिचा झाला, जिन्याच्या कठड्याला पॉलिश झालं, आणि मग आमच्या साडूला आठवण झाली की स्पीकरला वायर लागते! तुम्हाला सांगतो, आंघोळ करून, पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट-पँट घालून, मग बनियन शोधायला निघालेला माणूस कधी पाहिलाय? तो आमचा साडू.

हसू नका हो. दुःख मोठं आहे त्याचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसाने एक सिनेमा धड पाहिलेला नाही. वर हॉलमध्ये टीव्ही आहे, पण टीव्हीसमोर सासूबाई आहेत. त्याच्याही आणि माझ्याही, दोघांत मिळून एकच, पण राहतात त्याच्याकडे, देव माझ्या पाठीशी आहे! सिनेमा लागला की त्या सुरू, "अगं, हा मघाशी मेला ना?" मेहुणी म्हणणार, "नाही आई, मेला तो मिशीवाला." "मग ही कशाला रडतेय?" "तिचा नवरा होता तो." "मिशीवाला? शी!" तेवढ्यात बेल वाजते, दूध उतू जातं, कुणाचा तरी फोन येतो… झाला सिनेमा! एक खुनाचा सिनेमा तर त्याने सहा वेळा लावला. मोठा बंगला, आत सात माणसं, आठवा मेलेला. सहाही वेळा गडी मुडद्यापर्यंत पोचला, खुनी काही भेटला नाही! म्हणून हे तळघर. एकच सिनेमा, पहिल्यापासून शेवटपर्यंत! जास्त मागतोय का माणूस?

मी म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? सासूबाईंना खाली बसव, तू वर बस." मेहुणी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

तर भिंत फुटली, वायरी गेल्या, पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग. मग आली खुर्ची, मागे रेलली की पाय आपोआप वर येणारी. ती जिन्याच्या वळणावर अडकली. वर जाईना, खाली येईना, आणि साडू खुर्चीच्या खालच्या अंगाला! दोन तास तळघरात कोंडलेला. वरून सासूबाई विचारतायत, "जावईबापू, जेवायला येताय ना?" शेवटी पॉलिश केलेला कठडा कापला. साडू नुसता कापलेल्या कठड्यावरून हात फिरवत राहिला.

आणि मग आला स्पीकरवाला. स्वतः पन्नाशीचा, डोक्यावर केस औषधाला नाही, आणि साडूला म्हणतो काका! पुढे तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात तो दणके देणारा मोठा डबा. "काका, तुम्ही खुर्चीत बसा. तुमचे कान जिथे, तिथे आवाज बसवायचा. आणि तुमचाच एखादा सिनेमा द्या, नेहमीचा." साडूने मोठ्या प्रेमाने तो बंगल्याचा सिनेमा दिला. स्पीकरवाल्याने लावला… शेवटापासून! का, तर शेवटी बंगला स्फोटात उडतो, एवढा दणका दुसरीकडे कुठे मिळायचा? आता हे त्याला कुणी सांगितलं? …माझ्याकडे का बघताय?

साडू ओरडला, "अरे, शेवट नको! फक्त दणका लाव!" तो म्हणतो, "काका, बोलणं आणि दणका दोन्ही लागतं, नाहीतर बॅलन्स कसा कळणार?" साडूने डोळे मिटले, कानात बोटं घातली. पण तुम्हाला सांगतो, आवाज असा बसवला होता की छातीतून ऐकू येत होता! "होय, मीच मारलं त्याला! मी, या घराचा डॉक्टर!" आणि धडाम्!

सहा वेळा निसटलेला खुनी असा हातपाय बांधून समोर आणून टाकला. साडूने डोळे उघडले तेव्हा, खोटं नाही सांगत, त्यांत पाणी होतं. स्पीकरवाला म्हणाला, "बघा! आवाज भिडला!"

बरं, एवढ्यावर भागलं? छत थरथरायला लागलं. तो परत आला, खिळे मारले, पुन्हा "होय, मीच मारलं," धडाम्! मग भिंतीतला पाइप घुमायला लागला. पुन्हा डॉक्टर, पुन्हा धडाम्! मग लक्षात आलं, डावा स्पीकर उजवीकडे लागलाय. पुन्हा! सासूबाई वरून ओरडतात, "अहो, त्या डॉक्टरला एकदाचं पोलिसात द्या!" नऊ वेळा, हो, नऊ वेळा. मी जिन्यात बसून मोजलंय. साडू मला म्हणतो, "दादा, एकच सिनेमा… पहिल्यापासून… जास्त मागितलं होतं का हो मी?" मी म्हटलं, "नाही रे." तोंड दुसरीकडे करून म्हटलं, हसू आवरेना.

अखेर परवा दुपारी सगळं जमलं. मेहुणीने सासूबाईंना वर बसवलं, फोन काढून घेतला, दार लावलं. अंधार. शांतता. सिनेमा सुरू, पहिल्यापासून! तिसऱ्या मिनिटाला डॉक्टर आला, हातात बॅग, तोंडावर गोड हसू. "कसं वाटतंय आज?" साडू खुर्चीतून ओरडला, "कसं वाटतंय तुझं डोंबल!" पोलिसाने विधवेला धरलं, हा म्हणतो, "ती नाही रे!" भाच्याला धरलं, "तो नाही रे, गाढवा!" अर्धा तास एकटाच त्या पोलिसाला शिव्या घालत बसला. मग उठला, सगळं बंद केलं, आणि कापलेल्या कठड्याला धरून हळूहळू वर आला.

मेहुणी म्हणाली, "अहो, एवढ्यात? शेवटपर्यंत पाहिलात ना?"

साडू सोफ्यावर टेकला. म्हणाला, "सुरुवात आज धरून सात वेळा पाहिली, शेवट नऊ वेळा पाहिला… मधलं तेवढं राहिलंय. कुणाला हौस असेल तर खाली जाऊन बघा."