न नेलेल्यांची पेटी

"त्या पेटीतली एक मुलगी आपल्याच घरात वावरतेय, असं मला वाटतं." — असं म्हणाले गं माझे सासरे, आज सकाळी, सासूबाईंना. मी दाराआड, हातावर इस्त्री केलेले पदवीचे चार काळे झगे. सासूबाईंनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, एवढंच. — हनुवटी खाली घे जरा. झगा मोठा होतोय? सगळ्यांनाच होतो. मागून चिमटे लावते, समोरून कळत नाही. ह्या स्टुडिओचं अर्धं काम पाठीमागूनच चालतं.

पेटी कसली म्हणतेस? न नेलेल्यांची. असं बघ — फोटो काढायचे निकालाच्या आधी, द्यायचे निकालानंतर, आजेसासऱ्यांपासूनची रीत. पास झालेले धावत येतात, घरच्यांना घेऊन. नापास? ते कशाला येतील? झगा घालून, हातात गुंडाळी धरून — आणि ती कोरी असते बरं का, तुझ्या हातातलीसुद्धा, उघडू नकोस, दोरा सुटतो — असला फोटो कोण नेईल घरी? पण ह्या घरात फोटो फाडत नाहीत. पेटीत ठेवतात. आता सरकारी विद्यापीठाला शंभर वर्षं होतायत, त्यांना भिंतभर इतिहास हवाय. पहिल्या वर्षीचे अकरा जण, जुन्या तबेल्याच्या पायरीवर, कोपऱ्यात घोड्याचं शेपूटही आलंय. मग मुलींची पहिली तुकडी, तिघी, झगा एकच, पाळीपाळीने घातलेला — तिन्ही फोटोंत सुरकुती तीच. आणि सासऱ्यांच्या मनात आलं, न नेलेलेही लावायचे. तेही शिकायलाच आले होते ना, म्हणाले. विद्यापीठाचे कारकून अकराला येणारेत, जुन्या वह्या घेऊन. फोटोच्या पाकिटावर नुसता परीक्षेचा बैठक क्रमांक असतो. त्याच्यापुढचं नाव वहीत. — हलू नकोस, घड्याळ मीच बघते. पावणेअकरा.

सारखी घड्याळाकडे का बघते मी? दिसलं होय तुला.

मी? मी पदवीधर. म्हणजे, लग्न ठरताना माझे वडील तसं म्हणाले, आणि मी मान खाली घालून बसले. मान खाली घातली की मुलगी लाजली, असंच समजतात लोक. एक विषय राहिला होता. इतिहास — हस, हस. तीन वर्षांपूर्वी ह्याच स्टुलावर बसले होते, बहुतेक ह्याच झग्यात. फोटो सासऱ्यांनीच काढला. मला बघायला आले तेव्हा ओळखलंही नाही त्यांनी. दिवसाला ऐंशी चेहरे बघणारा माणूस! पण चेहरा विसरतो, कान विसरत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात आणि सगळे हसतात. काल जेवताना मी केस मागे घेतले — आणि ते माझ्या कानाकडेच बघत राहिले. मी केस पुन्हा पुढे ओढले.

पेटीतून माझं पाकीट काढून टाकायचं? गेले होते की मघाशी. एकशे सतरा, माझा क्रमांक. हातात घेतलं, कोपरा मुडपलासुद्धा. — नाही फाडवलं गं. काय खूश होते मी त्यात! एवढी खूश मी लग्नाच्या फोटोतही नाही.

हाकलून देतील ह्याची भीती नाही मला. — आहे. कशाला खोटं बोलू, आहे. आणि वडील? चार माणसांत खोटे पडतील. धाकट्या बहिणीला बघायला येणारेत पुढच्या महिन्यात. आणि आमचे हे — भेटेल त्याला सांगतात, "आमच्या घरातली पहिली पदवीधर." मी हसते. हसायला काय, तेच तर शिकवते इथे दिवसभर.

जिना वाजला. कारकून नाहीत — सासरे आहेत, मागे सासूबाई. पेटीच्या कड्याचा आवाज ओळखते मी. तू कॅमेऱ्याकडे बघ. माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे. —

"बाबा, वहीची वाट बघू नका. एकशे सतरा, ती मीच. नापास आहे मी. फोटो भिंतीवर लावा खुशाल. पण मी ह्या घरात राहायचं की नाही, ते आधी सांगा."